सगळ्या काळ्या वायरी एका ठिकाणी

मी सोसायट्यांमध्ये कॅमेरे, डोअरफोन आणि गेटच्या मोटारी बसवते. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास माझ्या मागे बघतो, खरं काम करणारा कोणी येतोय का म्हणून. कोणी येत नाही. अंबरनाथला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला, सर्टिफिकेटवर अजून 'वायरमन' असंच छापलेलं आहे. मग एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढली आणि कारखान्याला टाळं लागल्यावर स्वतःचं काम सुरू केलं. आता गुडघे शिडीवर चढू देत नाहीत, त्यामुळे निम्मं काम सोडून दिलंय. उरलेल्या निम्म्यात मुख्यतः दुसऱ्यांनी करून ठेवलेलं निस्तरणं असतं.

आमचं सगळं काम बारा व्होल्टचं. बारा व्होल्टला कोणी घाबरत नाही आणि तिथूनच घोळ सुरू होतो. घरातल्या लाइटच्या वायरीला हात लावायचा तर माणूस पायात चप्पल आहे का ते बघतो, पण कॅमेऱ्याची वायर म्हटली की दातांनी सोलतो. शॉक बसत नाही ना, मग झालं.

पुढचं कळावं म्हणून थोडी शाळा घेते. कॅमेऱ्याला दोन वायरी लागतात. लाल वायर करंट घेऊन येते आणि काळी तो परत नेते. काळीला बाजारात 'मायनस' म्हणतात, आमच्या कारखान्यात 'ग्राउंड' म्हणायचे. आता तीन पिनच्या प्लगमधली जी जाडी पिन असते, तिची हिरवी वायर जमिनीत मीठ-कोळशाच्या खड्ड्यापर्यंत जाते. ते अर्थिंग, त्यालाही लोक 'ग्राउंड'च म्हणतात. नाव एक म्हणून माणसं या दोघांची सोयरीक जुळवून मोकळी होतात. वांगणीला एका फार्महाउसच्या राखणदाराने गेटच्या मोटारीची काळी वायर बोअरवेलच्या पाइपाला गुंडाळली होती. ग्राउंड म्हणजे जमीनच ना, असा त्याचा हिशोब. त्यानंतर बोअरचा पंप सुरू झाला की गेट आपोआप उघडायचं. मालकीणबाईंनी मला बोलवायच्या आधी गेटसमोर नारळ फोडून घेतला होता. मी वायर सोडवली, गेट गप्प झालं आणि श्रेय नारळाला गेलं.

कॅमेरे दोन असोत की वीस, सगळ्या काळ्या वायरींना शेवटी एकाच ठिकाणी परत यायचं असतं. इमारतीतल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी जसं एका पाइपातून खाली उतरतं, तसंच. तो पाइप तुंबला तर कुणा एकाची नाही, सगळ्यांचीच मोरी भरते. म्हणून काळ्या वायरी कशा जोडल्यात हे मी कुठेही गेले तरी आधी बघते. कॅम्प तीन या सिंधी बाजारपेठेतले एक कापडवाले माझे जुने गिऱ्हाईक, त्यांना याचा फार कंटाळा.

"दीदी, सबका माइनस तो एक ही है ना? सबको साथ में मरोड़ दो, ऊपर से टेप मार दो. खतम."

"साईं, आपकी दुकान के सब कपड़े भी एक ही गठरी में बांध दूं? कपड़ा तो कपड़ा ही है."

ते हसले, पण मी काम माझ्याच पद्धतीने केलं. पद्धत साधी आहे. पितळी पट्टी घ्यायची, स्क्रूंची रांग असलेली. प्रत्येक वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे तांब्याची छोटी टोपी, पक्कडीने दाबून बसवायची. एका स्क्रूखाली एकच वायर. दोन घातल्या की एक घट्ट बसते आणि दुसरी नुसती बसल्यासारखी दिसते. पट्टीपासून सप्लायच्या, म्हणजे बारा व्होल्ट देणाऱ्या, डब्यापर्यंत परत जाणारी वायर बाकीच्यांपेक्षा जाड हवी, कारण सगळ्यांचा भार तिच्यावर असतो. पुढे वायर वाढेल म्हणून दोन-चार स्क्रू रिकामे ठेवायचे. आणि शेवटी प्रत्येक वायर धरून ओढून बघायची. ओढायला जिवावर येत असेल तर समजावं की जोडावर आपलाच विश्वास नाही.

हे सगळं मला विश्वासदादांनी शिकवलं. पॅनलच्या कारखान्यात ते आमचे सुपरवायझर होते. पहिल्या आठवड्यात मी काही काळ्या वायरी नुसत्या पिळून जोडल्या, तेव्हा त्यांनी माझ्या हातचं पूर्ण पॅनल एकेक वायर ओढून उपसून ठेवलं होतं आणि मी डबा न खाता रडत बसले होते. त्यांना दया नाही आली. "रड, पण पुन्हा कर," म्हणाले. त्यांच्या हाताखालच्या मुली पुढे कुठेही कामाला गेल्या तरी लोक विचारायचे, कुणाकडे शिकलात? मला आजही त्याचा अभिमान आहे.

आता पालेगावचं सांगते.

पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्वेचं गाव, हल्ली निम्मं गाव आणि निम्मे टॉवर. तिथल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी देसाई यांनी मला एका रविवारी दुपारी बोलावलं. जिन्याजिन्यावर आगीसाठी जे पाण्याचे लांब पाइप गुंडाळून ठेवलेले असतात, त्यांच्या तोंडाची पितळी नोजलं चोरीला जात होती. आणि दर वेळी नेमके कॅमेरे बंद असायचे.

"दिवसभर चालतात," देसाई म्हणाले. "संध्याकाळ झाली की सगळे एकदम जातात, मधेच येतात, परत जातात. सकाळी पुन्हा व्यवस्थित. मॅडम, मशीनला संध्याकाळ कळते का? कॅमेऱ्यांचा स्विच वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. संध्याकाळी ड्यूटीवर तो एकटाच असतो. तुम्ही फक्त एवढं सांगा की हे कोणीतरी मुद्दाम करतंय. आज सातला मीटिंग आहे. त्याला काढायचं आणि पोलिसात नाव द्यायचं."

"वायरिंग कोणी तपासलं?"

"ज्यांनी केलं त्यांनीच. अंबरनाथचे विश्वासदादा म्हणून आहेत, जुना माणूस. ते परवा दुपारी येऊन बघून गेले. वायरिंगमध्ये काही दोष नाही, कोणीतरी स्विच मारतंय, असं स्पष्ट म्हणाले. त्यानंतरच आमची खात्री पटली."

दादांचं नाव ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. दादा म्हणाले म्हणजे वायरिंग ठीकच असणार. क्षणभर मीसुद्धा त्या वॉचमनकडे देसाईंच्याच नजरेने पाहिलं.

वॉचमन म्हणजे बाळाराम मामा. पालेगावचेच, साठीकडे झुकलेले आगरी गृहस्थ. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांच्या भावकीचा भात व्हायचा. देसाई फोनवर बोलायला बाजूला गेले तसे ते माझ्याजवळ आले.

"ताई, मी त्या बटनाला हात पन लावला नाय. नोकरीचा काय, जाल तं जाल. पन आमी याच गावानचं. माजे सुनंला नलावर बाया इचारतान, सासऱ्यानं पितल कुठं इकलं? पोलिसान नाव गेला तं मी गावान कसा फिरू?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मशीनला संध्याकाळ कळते का, हा देसाईंचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात अडकून बसला होता. कारण कळते. कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती बारीक दिवे असतात, ते अंधार पडला की आपोआप लागतात. आपल्याला जेमतेम लाल ठिपके दिसतात, पण त्यांच्या उजेडात कॅमेऱ्याला अंधारातलं दिसतं. ते लागले की कॅमेरा जवळपास दुप्पट करंट ओढतो. दिवसा कसाबसा चालणारा जोड तेव्हा मान टाकतो. कॅमेरे बंद पडले की भार उतरतो, मग जोडाला पुन्हा हुशारी येते, कॅमेरे उठतात, दिवे लागतात, परत सगळं आडवं. मधेच येतात आणि मधेच जातात, ते यामुळे. हात मारून बंद केलेला स्विच असं करत नाही.

मी केबिनमध्ये स्टुलावर चढले आणि छताजवळचा जंक्शन बॉक्स उघडला. लाल वायरी नीट फ्यूजच्या पट्टीवर होत्या. काळ्यांसाठीही पट्टी होती, पण ती भरून गेली होती. मागाहून वाढवलेले कॅमेरे, डोअरफोन, गेटवरच्या गणपतीच्या मखराची लाइटची माळ, या सगळ्यांच्या काळ्या वायरी आणि परत जाणारी मुख्य काळी एकत्र पिळून त्यांचा अंगठ्याएवढा गठ्ठा केला होता, वर काळी टेप. हात लावला तर गठ्ठा कोमट लागला, आणि तोही भर दुपारी.

मी टेप सोडवायला घेतली. टेपचं टोक शोधायला नख घासावं लागलं नाही, कारण ते उलटं दुमडून ठेवलेलं होतं. पुढे जो कोणी उघडेल त्याला सोपं जावं म्हणून. ही सवय मी आयुष्यात एकाच माणसाच्या हाताला पाहिली आहे.

मी स्टुलावरून खाली उतरले. मला राग आला होता. इतका राग, की हातात असतं तर तो गठ्ठा मी दादांच्या पुढ्यात आपटला असता. ज्या चुकीसाठी त्यांनी मला रडवलं होतं, ती त्यांनीच करून ठेवली होती आणि वर सांगून गेले होते की स्विच मारणारा माणूस शोधा.

फोन लावला. "दादा, पालेगावला आहे. काळ्यांचा जोड उघडलाय. तुम्ही या."

ते म्हणाले, "येतो."

शेअर रिक्षातून उतरताना त्यांनी फूटपाथची कड पायाने चाचपली आणि माझ्या लक्षात आलं. मी त्यांना केबिनमध्ये नेलं. त्यांनी गठ्ठा पाहिला नाही, हातात घेतला. बोटांनी फिरवून बघितला.

"माझाच आहे," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याने दिसतच नाही गं. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. स्क्रूची खाच दिसेना. म्हटलं आता पिळतो, पुढच्या खेपेला नवी पट्टी बसवीन. पुढची खेप आलीच नाही."

"आणि तपासायला आलात तेव्हा?"

"दुपारची वेळ. सगळे कॅमेरे चालू होते. मीटरचे आकडे मला वाचता येईनात. ते विचारायला लागले, दोष आहे का? डोळ्यांचं कळलं तर उद्या मला कोण बोलावणार? नाही म्हटलं."

"तुमच्या त्या 'नाही'वर एका माणसाला पोलिसात देतायत, दादा."

त्यांनी मान खाली घातली. माझा राग तोवर गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी मनात दुसरीच वाट शोधायला लागले. जोड आपोआप ढिला झाला असं सांगायचं, नाव कुणाचंच घ्यायचं नाही. पण देसाई विचारणारच, मग जुना माणूस दोष नाही म्हणाला ते काय? आणि त्या प्रश्नावर मी घुटमळले की मामांवरचा संशय तसाच राहणार.

"दादा, मी आता त्यांना बोलावून दाखवणार आहे. काय झालं ते मी सांगीन. कुणी केलं ते तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल."

त्यांनी गठ्ठा हातातून सोडला.

माझ्या बॅगेत नेहमी कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातल्या काळ्या चिंध्या असतात, हात पुसायला. त्या मी बाहेर काढल्या. देसाई आणि कमिटीचे दोघे आले. मी बाळाराम मामांना गेटच्या बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खुर्ची टाकून बसवलं आणि केबिनच्या स्विचपाशी खुद्द देसाईंना उभं केलं.

"स्विचला कोणाला हात लावू देऊ नका," मी सांगितलं आणि लिफ्टमनला शिडी घेऊन पाठवलं. एकेका कॅमेऱ्याच्या डोळ्यावर जीन्सची चिंधी बांधत जायची. कॅमेऱ्याला वाटणार अंधार पडला.

केबिनमधल्या टीव्हीवर एकेका कॅमेऱ्याचा चौकोन काळा होत गेला, तो चिंधीमुळे. तोपर्यंत कमिटीवाले हसत होते. निम्म्याहून जास्त कॅमेरे झाकून झाले आणि ज्यांच्यावर चिंधी नव्हती ते चौकोनही गेले. सगळी स्क्रीन निळी. थोड्या वेळाने आले, परत गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. मामा खुर्चीवर होते आणि देसाईंचा हात स्विचवर होता.

मी मीटरची एक सुई सप्लायच्या डब्याच्या काळ्या टोकाला आणि दुसरी गठ्ठ्यापलीकडच्या काळ्या वायरीला लावली. "या दोन्ही काळ्याच आहेत. यांच्यात मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. हे बघा, तीन व्होल्टच्या वर. बारातले तीन या गठ्ठ्यातच जळतायत, कॅमेऱ्यांना उरतंय काय?"

"पण मग ते विश्वासदादा तर म्हणाले..." देसाईंनी सुरुवात केली.

"हो, मीच म्हणालो होतो." दादा दारातून पुढे आले. "जोड माझा आहे, चुकीचा आहे. मला नीट दिसत नाही आणि ते मी लपवलं. वॉचमनचा काही संबंध नाही."

देसाईंनी स्विचवरचा हात काढला. कमिटीतला एकजण म्हणाला, "अहो, हे आधी नाही सांगायचं?" आणि घड्याळात बघून वर निघून गेला. दुसराही त्याच्या मागे गेला. देसाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मला वाचून दाखवला. कॅमेऱ्यात तांत्रिक बिघाड होता, दुरुस्ती चालू आहे, मीटिंग रद्द, सहकार्य करावे. मामांचं नाव त्यात नव्हतं. मी तसं बोलले. ते म्हणाले, "आता आणखी विषय कशाला वाढवायचा, मॅडम?"

मी नवी पट्टी बसवली. स्क्रू मी आवळले, पण थिंबल दादांनी बसवल्या. त्यासाठी त्यांना डोळे लागले नाहीत. अंगठ्याने वायर चाचपायची, टोपीत घालायची, पक्कड दाबायची आणि ओढायची. एकही निसटली नाही. मखराची माळ मी या वायरिंगमधून काढूनच टाकली, तिला वेगळा सप्लाय घ्या म्हणून सांगितलं. काम झाल्यावर दादा म्हणाले, "यापुढे मी कुठलं काम घेणार नाही. माझी चार ठिकाणं आहेत, ती तू एकदा बघून ये. कुठे असा जोड असेल तर काढ." मी हो म्हटलं. त्यांना थांबवावंसं वाटलं, पण थांबवायला माझ्याकडे कारण नव्हतं.

मग ते चाचपडत गेटपाशी गेले. मी केबिनच्या दारात होते, मला सगळं ऐकू आलं.

"मामा, मी खोटं बोललो. तुमचं नाव खराब झालं. माफ करा."

बाळाराम मामा एव्हाना गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले होते, त्यांनी सरकून दादांना जागा दिली. "तू चुकलास, पन तू आयलास तरी. मना चोर बोलनारं या बिल्डिंगीन घराघरान हायत. एक तरी खाली आयला का?"

हे देसाईंनीही ऐकलं. ते माझ्या शेजारीच उभे राहून कॅमेरे तपासत होते. दिवस मावळत आला होता. कॅमेऱ्यांचे दिवे लागले, चित्रं करडी झाली, पण एकही चौकोन हलला नाही. लिफ्टचं दार, जिना, पार्किंग, गेट, सगळं स्वच्छ दिसत होतं. आम्ही दोघं बघत राहिलो. लिफ्टचं दार दोन-तीनदा उघडलं. माणसं बाहेर पडली, मोबाइल बघत गेटमधून निघून गेली. बाकाकडे कोणी वळलं नाही.

देसाई एकाएकी केबिनमधून बाहेर पडले. मग मला ते गेटच्या चौकोनात दिसले, बाकासमोर उभे. त्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो, त्यामुळे ते काय बोलले ते मला कळलं नाही. बोलताना त्यांनी हात जोडले होते. बाळाराम मामा त्यांच्याकडे बघत बसून राहिले. सेक्रेटरी समोर उभे असताना ते जागेवरून उठले नाहीत.